मूठ शेवटी बघा: जुन्या कोरीव काठ्या पारखताना

जुनी कोरीव काठी समोर आली की हात आपसूक मुठीकडे जातो. कुत्र्याचं डोकं, सिंहाचा जबडा, हस्तिदंतातला चेहरा, चांदीचा नाग. काठी घडवणाऱ्यालाही नेमकं हेच हवं होतं. ही काठी आधारासाठी नव्हती, मिरवण्यासाठी होती, आणि मिरवायचा भाग म्हणजे मूठ. त्यामुळे पैसा मुठीत, कारागिरी मुठीत आणि लबाडीही मुठीतच. म्हणून पारख उलटीकडून करायची. आधी खालचं टोक, मग दांडा, मग सांधा, आणि मूठ सगळ्यात शेवटी. मुठीची एकदा भुरळ पडली की खालचे दोष दिसत नाहीत. दिसले तरी माणूस स्वतःच त्यांना सबबी शोधून देतो.

काठीतून रुबाब दाखवायची हौस फार जुनी. १९२२ साली उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात सुमारे १३० काठ्या आणि दंड निघाले. हियासिंत रिगोनं १७०१ मध्ये काढलेल्या चित्रात फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईनं राजदंड उलटा धरून चक्क काठीसारखा टेकवलेला आहे. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकनं १८३४ मध्ये पिरोजे जडवलेली काठी करून घेतली. पॅरिसभर तिची इतकी चर्चा झाली की दोन वर्षांत त्या काठीवर एक कादंबरीसुद्धा निघाली. ती काठी आज पॅरिसमधल्या बाल्झाकच्या घर-संग्रहालयात आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७८९ मध्ये मृत्युपत्राला पुरवणी जोडली, ती सोन्याच्या मुठीची रानसफरचंदाच्या लाकडाची काठी जॉर्ज वॉशिंग्टनला देण्यासाठी. असल्या काठ्या संग्रहालयांतच राहणार. बाजारात फिरतात त्या बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या पहिल्या दोन-तीन दशकांतल्या. पुढचं सगळं त्यांच्याबद्दल.

खालून सुरुवात

काठीच्या टोकाला धातूचं टोपण असतं. त्याला शेंबी म्हणा किंवा संग्राहकांच्या भाषेत फेरूल. चिखलाच्या रस्त्यांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला, शेंबी लांब असायची. चार इंच किंवा त्याहूनही जास्त, बहुधा पितळेची आणि तळाला लोखंडी टोक. फरसबंदी रस्ते आले तशी ती आखूड होत गेली. पुढच्या काळातल्या काठ्यांवर इंच-दीड इंचाची शेंबी सर्रास दिसते. तेव्हा विक्रेता काठी १७८० ची सांगतोय आणि टोकाला पाऊण इंचाची चकचकीत शेंबी आहे, तर दोनच शक्यता: शेंबी बदललीय, नाहीतर तारीख चुकीची आहे.

शेंबी बदललेली असणं हा मोठा दोष नाही. झिजणाराच भाग आहे तो, चपलेच्या टाचेसारखा. पण नवी का बसवली ते शोधायला हवं. बऱ्याचदा काठी खालून कापलेली असते. टोक कुजलं, चिरलं किंवा पुढचा मालक बुटका निघाला. दांडा वरून खाली निमुळता होत जातो. वर साधारण २० मिलिमीटर, खाली १२ ते १४. मधूनच कापला की टोकाची जाडी १६-१७ मिलिमीटर उरते आणि शेंबी काठीच्या मानानं ढोबळी दिसते. पूर्ण लांबीची पुरुषाची काठी साधारण ३४ ते ३७ इंच भरते. ३१ इंचाची काठी आणि टोक जाडसर, म्हणजे कापलेली. स्त्रियांच्या काठ्या मुळातच आखूड आणि सडपातळ असतात, त्यामुळे नुसत्या लांबीवर निकाल देऊ नका. लांबी आणि निमुळतेपणा एकत्र बघा.

खऱ्या वापराची झीज कधी सपाट नसते. माणूस काठी किंचित तिरकी टेकतो, त्यामुळे शेंबीचा तळ एका अंगाला जास्त घासलेला असतो. मुठीला पुढची-मागची बाजू असेल तर हा उतार मुठीच्या दिशेशी जुळला पाहिजे. कुत्र्याचं तोंड पुढे धरल्यावर झीज अगदी भलत्याच बाजूला येत असेल, तर मूठ कधीतरी फिरवून किंवा बदलून बसवलीय. कानशीनं केलेली खोटी झीज ओळखणं सोपं. तिथे एकाच दिशेच्या समांतर रेघा असतात. खऱ्या झिजेत ओरखडे सगळ्या दिशांनी जातात, आणि शेंबीच्या कडेला बारीक ठोकेही असतात.

टोकाला रबरी बूच लावलेलं असेल तर ते काढून दाखवायला सांगा. त्याच्याआड काय काय लपतं ते बघून चाट पडाल. रबराखाली पितळ काळवंडतं, ओल धरून लाकूड मऊ पडतं, आणि कधीकधी खाली शेंबीच नसते.

दांडा

शेंबी सैल असेल आणि मालकाची हरकत नसेल तर ती हलकेच काढून दांड्याचा आडवा छेद बघावा. एवढी माहिती दुसरीकडे कुठेच मिळत नाही. छेदावर वर्षवलयं दिसली तर लाकूड. नुसते बारीक ठिपके दिसले, वलयं नाहीत, तर वेत. मध्ये पोकळ असेल तर बांबू.

प्रतिष्ठित काठीचा सगळ्यात मानाचा दांडा म्हणजे मलाक्का वेत, आग्नेय आशियातल्या एका वेताचा. त्याचं शास्त्रीय नाव कॅलॅमस स्किपिओनम, त्यातल्या 'स्किपिओ' या लॅटिन शब्दाचा अर्थच दंड. याची खुबी अशी की दोन पेरांमधला एकच सलग तुकडा काठीभर लांब मिळतो, मध्ये गाठ नाही. वजनाला हलका, मधासारखा तपकिरी, कुठे गडद कुठे फिका. तो पूर्ण गोल नसतो. एका बाजूनं लांबच्या लांब हलकी धार असते, बोट फिरवलं की लगेच लागते. ती धार घासून काठी गोल केली तर वरचं चिवट आवरण जातं, म्हणून जाणता कारागीर तिला हात लावत नसे. गाठी असलेला वेत, रंगवलेला बांबू किंवा डाग पाडून वॉर्निश मारलेलं लाकूड 'मलाक्का' म्हणून खपवतात. धार आणि ठिपके, दोन्ही तपासलं की प्रश्न मिटतो.

आबनूसच्या बाबतीत फसगत जास्त. काळी दिसणारी प्रत्येक काठी आबनूस नसते. साधं लाकूड काळं रंगवून पॉलिश केलेल्या काठ्या त्या काळीही ढिगानं निघत. ओरखड्यात किंवा शेंबीच्या कडेला लाकूड तपकिरी किंवा पांढुरकं दिसलं तर रंगवलेली. अस्सल आबनूस आतपर्यंत काळा असतो आणि हातात घेतल्याबरोबर जड लागतो. त्याची घनता पाण्याच्या आसपास किंवा जास्तच असते. दक्षिण अमेरिकेच्या गयाना भागातलं स्नेकवूड सापाच्या कातडीसारख्या ठिपक्यांमुळे महाग, पण ते लांबीच्या दिशेनं चिरतं. स्नेकवूडच्या जुन्या काठीत एकही केसभर चीर नसेल तर मी तरी आधी शंका घेतो आणि मग आनंद मानतो.

चीर आणि मोड यात फरक करायला शिका. सुकताना पडलेली चीर तंतूंच्या दिशेनं जाते, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना विरत जाणारी. ती स्थिर असेल तर चालते. मोडलेल्या दांड्याची रेघ तिरकी किंवा आडवी, काठीभोवती फिरणारी, आणि तिच्यावर वॉर्निशची झाक थोडी वेगळी. दांडा प्रकाशाकडे धरून सावकाश फिरवा. डिंकानं जोडलेली जागा चमकेत खंड पाडते. अधेमधे एखादं चांदीचं कडं उगाचच बसवलेलं दिसलं तर आधी त्याच्याखाली मोड आहे असंच समजा.

दांडा तीन तुकड्यांत स्क्रूनं जोडायचा असेल आणि वर पितळेचं बदक, गरुड किंवा कवटी असेल, तर ती बहुधा नवी शोभेची वस्तू. प्रवासी काठ्या जुन्या काळातही जोडाच्या होत्या, पण त्यांचे आटे बारीक आणि नीट बसणारे असतात, जोड जवळजवळ दिसतही नाही. स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकाआधीचा नाही.

दांड्यावरच कोरीवकाम असलेल्या काठ्या ही वेगळी जात. एका सलग फांदीतून, मुळाच्या गाठीतून मूठ काढून केलेल्या. यात सांधा नाही, म्हणजे जोडाजोडीची भीतीही नाही. साप गुंडाळलेली काठी बघताना मात्र सापाची आवर्तनं कोरलेली आहेत की निसर्गानं दिलेली, ते विचारा. हेझलच्या कोवळ्या फांदीला हनीसकलची वेल आवळत जाते आणि फांदी पिळासारखी वाढते. अशा पिळात सालीचा पोत खोबणीतही तसाच राहतो. कोरलेल्या सापाच्या खोबणीत तंतू कापलेले दिसतात.

सांधा

मूठ आणि दांडा जिथे भेटतात तिथे बहुतेक वेळा कडं असतं: चांदीचं, सोन्याचं किंवा मुलामा दिलेलं. कडं शोभेसाठी असतं तसंच जोड झाकण्यासाठीही. त्याच्या आत दांड्याची खुंटी मुठीत गेलेली असते, किंवा दोन्हीकडे छिद्र पाडून धातूची आटेदार सळई बसवलेली असते.

एका काठीची मूठ आणि दुसरीचा दांडा एकत्र करून बनवलेली काठी हा या छंदातला रोजचा व्यवहार. त्या काळीही लोक आवडती मूठ नव्या दांड्यावर बसवून घेत, आणि अशी जुनी जोडणी प्रामाणिक असते. त्रास आजच्या जोडणीचा. छत्रीची किंवा स्त्रियांच्या उन्हाळी छत्रीची कोरीव मूठ उतरवून काठीवर चढवली की बाजारभाव एकदम चढतो. छत्रीची मूठ बारीक असते. तिच्या तळाचं छिद्र काठीच्या खुंटीसाठी अपुरं पडतं, म्हणून ते मोठं केलेलं असतं, किंवा मधली पोकळी पुटीनं भरलेली असते.

नखाची कड कड्याच्या वर आणि खाली फिरवा. मूळ जोडणीत मूठ, कडं आणि दांडा एकाच ओळीत वाहतात, नख अडखळत नाही. नंतरच्या जोडणीत पायरी लागते, मूठ कड्यापेक्षा मिलिमीटरभर रुंद किंवा अरुंद. ती बुजवायला कधी कड्याखाली कातडीची पट्टी घातलेली असते, कधी राळ. लाकूड सुकून आकसतं, त्यामुळे जुन्या कड्याभोवती केसभर सारखी फट असणं साहजिक आहे. फट एकाच बाजूला, आणि तिथे पारदर्शक, काचेसारखा डिंक डोकावतोय? तो आजकालचा इपॉक्सी. जुन्या सांध्यात लाख, राळ किंवा सरस असतो: तपकिरी, ठिसूळ, टोकरलं तर भुगा पडणारा.

मूठ किंचित हलत असेल तर घाबरू नका, पण ती पिळून काढायचा मोह आवरा. आत खुंटी हस्तिदंताची असेल तर तुकडाच हातात येईल. सैल मूठ परत बसवताना उलटवता येणारी चिकट वस्तू हवी. गरम सरस आणि पातळ कागदाचा एक वेढा बहुतेक वेळा पुरतो. इपॉक्सीनं चिकटवलेली मूठ पुन्हा कधी उघडायची वेळ आली तर ती फोडावीच लागते. आणि असल्या काठीवर कधीही भार देऊन चालू नका. मिरवायची काठी वजन पेलायला केलेलीच नसते, तिचा सगळा ताण त्या बोटभर खुंटीवर येतो.

आता मूठ

लाकडात कोरलेलं कुत्र्याचं डोकं घ्या. 'ब्लॅक फॉरेस्ट' या जर्मनीतल्या प्रदेशाच्या नावानं ही कामं विकली जातात, पण त्यातली बरीचशी स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झची. समोरून चेहरा बघण्याआधी डोकं उलटं करा. कानाच्या मागची खोबण, हनुवटीखालचा भाग, उघड्या जबड्याचं टाळू. इथे कारागिराला कोणी बघणार नव्हतं, म्हणून इथे खरं कळतं. हातानं चालवलेल्या पटाशीचे काप लहान आणि सपाट असतात, प्रत्येकाचा कोन थोडा वेगळा. तंतू उलटे येतात तिथे पटाशीची दिशाही बदललेली दिसते. केसांच्या रेघा एका टोकाला खोल सुरू होऊन दुसऱ्या टोकाला उथळ होत संपतात. यंत्राच्या फिरत्या बिटानं केलेल्या रेघा तळाला गोल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच खोलीच्या, आणि भिंगाखाली त्यांत बारीक लाटा दिसतात. नक्कल करणाऱ्या यंत्रावर कोरलेल्या डोक्याचे दोन्ही डोळे, दोन्ही कान आरशातल्यासारखे तंतोतंत जुळतात. माणसाच्या हातून तसं होत नाही.

मग तळहाताची झीज. मूठ धरल्यावर जिथे हात बसतो, म्हणजे कुत्र्याचं कपाळ, डोक्याचा माथा, मानेची मागची बाजू, तिथले केस पुसट आणि चमकदार हवेत. नाकपुड्यांच्या आत, कानाच्या मुळाशी केस धारदार आणि काळपट हवेत. सगळीकडे सारखाच काळपटपणा, खोलात आणि उंचवट्यावरही, म्हणजे बाटलीतलं जुनेपण. डोळे काचेचे असतील तर आत एखादा बारीक बुडबुडा असतो आणि दोन्ही डोळ्यांचा रंग अगदी एकसारखा नसतो. दात, जीभ नंतर भरलेली आहे का बघा. जबडा कळ दाबून उघडणाऱ्या मुठींमध्ये पहिली मोडते ती आतली कमान, आणि तिच्या जागी बॉलपेनची स्प्रिंग घातलेली असते.

कृत्रिम राळ साच्यात ओतून काढलेली मूठ हातात घेतली की लाकडापेक्षा थंड आणि चामट लागते. कानाच्या मागे साच्याची रेघ घासलेली, आणि खोलगट जागी टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे. केसांच्या खाली आत शिरलेली, पोखरलेली जागा साच्यातून सहसा निघत नाही, त्यामुळे सगळं काम वरवरचं दिसतं.

हस्तिदंत, हाड आणि त्यांचे तोतये

मुठीचा आडवा छेद कुठेतरी उघडा असतो, बहुधा तळाशी. हत्तीच्या सुळ्याच्या छेदावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसतात. बाहेरच्या बाजूच्या रेघांमधला कोन ११५ अंशांपेक्षा मोठा असेल तर हत्ती, ९० पेक्षा लहान असेल तर मॅमथ, म्हणजे नामशेष झालेला केसाळ हत्ती. दोन्हीच्या मधलं माप आलं तर एकाच कोनावर विसंबू नका, चार-पाच जागी मोजा. वॉलरसच्या सुळ्यात गाभा भिजवलेल्या ओटच्या लापशीसारखा दाणेदार. स्पर्म व्हेलच्या दातात बाहेरचा थर आणि आतला थर वेगवेगळे दिसतात. हाडात १० पट भिंगाखाली काळसर ठिपके किंवा छोट्या रेघा, रक्तवाहिन्यांच्या नळ्यांच्या. हे ठिपके दिसले की चर्चा संपली.

सेल्युलॉइड, म्हणजे सुरुवातीचं प्लास्टिक, हा जुना तोतया, १८७० च्या आसपासचा. म्हणजे तोतयाच आज दीडशे वर्षांचा असू शकतो. त्यातल्या रेघा वहीच्या पानासारख्या समांतर आणि नेमक्या असतात. छेदणाऱ्या कमानी जमत नाहीत. अंगठ्यानं जोरात घासलं की कापराचा वास येतो. अतिनील दिव्याखाली हस्तिदंत निळसर पांढरा उजळतो, सेल्युलॉइड मंद पिवळट-तपकिरी राहतं. पण हाडही हस्तिदंतासारखंच उजळतं, तेव्हा दिवा आणि भिंग दोन्ही हवेत. गरम सुईची चाचणी कोणी सांगितली तर हात जोडा. खऱ्या वस्तूला कायमचा डाग पडतो आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं.

कायद्याची बाजू आधी, मोह नंतर. आशियाई हत्ती १९७५ पासून आणि आफ्रिकी हत्ती १९८९ च्या निर्णयानं सायटीस या वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक, परिशिष्टात आले. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा ६ जून २०२२ पासून लागू आहे. त्यात १९४७ आधीच्या आणि आकारमानानं १० टक्क्यांपेक्षा कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना नोंदणी करून विक्रीची सवलत आहे. काठीच्या दृष्टीनं हा आकडा महत्त्वाचा. लहान हस्तिदंती गोळा आणि मोठा वेताचा दांडा असेल तर हिशेब त्यात बसू शकतो, भरगच्च कोरलेली मूठ असेल तर अवघड. वेगवेगळ्या देशांत नियम वेगळे, आणि काही ठिकाणी परवान्याशिवाय जवळ बाळगणंही गुन्हा. लिलाव जिंकल्यावर वस्तू सीमेवर अडकली तर रडून उपयोग नाही. तीच गोष्ट तलवार दडवलेल्या काठीची. ब्रिटनमध्ये १९८८ पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे, १०० वर्षांहून जुनी असेल तर सूट. काडेपेटी, दुर्बीण, दारूची नळी असलेल्या काठ्यांचं वेड वेगळं आहे, त्यावर इथे फक्त इतकंच: आतली वस्तू मूळ आहे का ते तिचं झाकण किती सहज बसतं त्यावरून कळतं.

शिक्के आणि नावं

ब्रिटिश चांदीच्या मुठीवर चार-पाच शिक्के असतात. चालणारा सिंह म्हणजे ९२५ चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. मग शहर: बिबट्याचं डोकं लंडन, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅम, मुकुट शेफिल्ड (१९७४ पर्यंत), तीन पेंढ्या आणि तलवार चेस्टर. चेस्टरचं कार्यालय १९६२ मध्ये बंद झालं. मग वर्ष सांगणारं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं. राजा किंवा राणीचं डोकं असेल तर बहुधा १७८४ ते १८९० यांच्या मधलं, कारण ती कर भरल्याची खूण होती. फ्रेंच चांदीवर १८३८ पासून मिनर्व्हा या रोमन देवीचं डोकं, लहान वस्तूंवर रानडुकराचं. जर्मन चांदीवर १८८८ पासून चंद्रकोर, मुकुट आणि ८०० सारखा आकडा. नुसता 'स्टर्लिंग' हा शब्द असेल तर बहुधा अमेरिकन.

शिक्का कड्यावर आहे की मुठीवर, हे नीट बघा. कडं १९१० चं आणि त्यावरची हस्तिदंती मूठ त्याहून तीस वर्षं जुनी, असं सर्रास असतं. शिक्का फक्त ज्या धातूवर आहे त्या धातूबद्दल बोलतो.

कोरलेल्या नावानं काठीची किंमत कैक पटींनी वाढते, म्हणून नावं नंतर कोरली जातात. १० पट भिंगातून अक्षराच्या कडेवर नजर ठेवा. मूठ वापरात असताना पडलेले बारीक ओरखडे अक्षराच्या खोबणीवरून पलीकडे जात असतील, आणि अक्षराच्या कडा गोलसर झिजलेल्या असतील, तर नाव जुनं. ओरखडा खोबणीच्या अलीकडे थांबून पलीकडे तसाच पुढे सुरू होत असेल, आणि खोबणीच्या तळाशी धातू चकचकीत असेल, तर नाव ओरखड्यांनंतर कोरलंय. मग तारीख. 'सन्मानपूर्वक भेट, १८७२' असं लिहिलंय आणि वर्षाचं अक्षर १८९७ चं आहे? पुढे बघायची गरजच नाही.

नाव कोरलेली काठी हातोहात कशी जाते, याचं उत्तम उदाहरण लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आहे. जॉन रॅडक्लिफ यांच्यापासून मॅथ्यू बेली यांच्यापर्यंत नामवंत डॉक्टरांनी एकामागून एक बाळगलेली सोनेरी मुठीची काठी, तिच्यावर त्यांच्या घराण्यांची चिन्हं कोरलेली. १८२५ मध्ये बेली यांच्या पत्नीनं ती कॉलेजला दिली. दुसरं उदाहरण १९०९ चं. 'बॉस्टन पोस्ट' या वर्तमानपत्रानं अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या ७०० गावांना सोन्याच्या मुठीची आबनुसी काठी दिली, गावातल्या सगळ्यात वयस्क पुरुषाला मान म्हणून. १९३० पासून स्त्रियांनाही. मालकी गावाची, माणूस गेला की काठी पुढच्याकडे. अशी काठी बाजारात दिसली तर प्रश्न अस्सलपणाचा नाही, विकणाऱ्याला ती विकायचा हक्क आहे का याचा.

त्याच काळातल्या अमेरिकन भेट-काठ्यांवर 'सोनं' म्हणजे बहुतेक वेळा पातळ सोन्याचा पत्रा चढवलेला स्वस्त धातू. उंचवट्यावर, जिथे अंगठा टेकतो तिथे, पितळी पिवळेपणा डोकावतो का बघा.

घरी आणल्यावर

चांदीची मूठ भरीव वाटते, पण बहुतेक मुठी पातळ पत्र्याच्या, आत राळ किंवा प्लास्टरसारखं भरण. म्हणून पोचा आतून ठोकून काढता येत नाही, आणि गरम पाण्यात धुतली तर राळ वितळून फुगते आणि झाळलेली रेघ उसवते. चांदी काळी पडली तर बारीक खडूची पूड आणि डिस्टिल्ड पाणी, कापसाच्या काडीनं, आणि खोलगट भागातला काळेपणा तसाच सोडून. बुडवून चांदी उजळणारं द्रव वापरू नका. ते कड्याच्या फटीतून आत जातं आणि हस्तिदंताला, लाकडाला डाग पाडतं.

लाकूड आधी मऊ कोरड्या ब्रशनं, मग जवळजवळ कोरड्या ओल्या कापडानं. जवसाचं तेल लावायची सवय वाईट. ते चिकट राहतं, धूळ धरतं आणि काही वर्षांत काळं पडतं. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा नखभर थर, वर्षातून एकदा, पुरे. हस्तिदंताला पाण्यात कधीच बुडवू नका. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत स्थिर ठेवा. दिव्याच्या उष्णतेजवळ ठेवलेली मूठ एका हंगामात चिरते.

दांड्यावर मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील तर काठी काळ्या कागदावर आडवी ठेवून आठवडाभर बघा. खाली फिकट पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. नुसत्या लाकडी काठीला पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवतात, मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ देतात, नाहीतर थंड लाकडावर दव बसतं. हस्तिदंत, शिंग किंवा लाखेचं काम जोडलेलं असेल तर हा उपाय नको. ती काठी इतरांपासून वेगळी करून जाणकाराकडे न्यायची.

कोपऱ्यात तिरकी टेकवलेली वेताची काठी वर्षानुवर्षांत वाकते. आडवी ठेवा, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन, किंवा प्रत्येक काठीला वेगळा खण असलेल्या स्टँडमध्ये सरळ उभी. चांदीच्या मुठींखाली लोकर किंवा फेल्ट अंथरू नका, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. धुतलेलं सुती कापड चालतं.

प्रत्येक काठीला क्रमांक द्या आणि वहीत लिहा: एकूण लांबी, मुठीची उंची-रुंदी, दांड्याची वरची आणि खालची जाडी, शेंबीची लांबी, वजन ग्रॅममध्ये, शिक्के जसे दिसतात तसे चित्र काढून, आधी झालेल्या दुरुस्त्या, आणि कोणाकडून कधी आली. फोटो सहा: पूर्ण काठी, मूठ दोन्ही बाजूंनी, मुठीचा तळ, कडं जवळून, शेंबीचा तळ. खरेदीआधी विक्रेत्याकडूनही हेच सहा मागा. शेवटचे दोन द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे बहुधा तिथेच काहीतरी असतं. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्यानं बांधा. स्टिकर नको, त्याचा डिंक पॉलिश उचलतो. आणि रबर बँड तर नकोच. चांदीच्या कड्यावर तो महिना-दोन महिन्यांत काळी रेघ काढतो, आणि ती घासून काढताना शिक्क्याच्या कडाही थोड्या जातात.